‘ययाती’ आवडण्याचा अपराध

वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ आवडते, असे मराठीच्या पदव्युत्तर वर्गात सांगणे आता जवळजवळ अप्रतिष्ठेचे ठरले आहे. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेल्या या कादंबरीला वाचक उदंड लाभले. अभ्यासक मात्र प्रामुख्याने दोन प्रकारचे. एक तिच्यातील सुभाषिते वहीत उतरवून घेणारा. दुसरा त्याच सुभाषितांकडे बोट दाखवून अवघी कादंबरी बोधवादी ठरवणारा. ‘कोसला’नंतर (१९६३) दुसऱ्याचा अधिकार वाढला. परंतु दोघांची वाचनपद्धती एकच आहे. दोघेही वाक्ये वाचतात, कादंबरी वाचत नाहीत.

शैलीवरील आक्षेप खरा आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिन्ही निवेदक एकाच अलंकृत भाषेत बोलतात, हा दोष नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या दोषापाशी थांबून रचनेकडे डोळेझाक करणे ही समीक्षा नव्हे. ययाती कबुलीच्या सुरात बोलतो आणि त्या कबुलीतही स्वतःलाच न्याहाळत राहतो. नहुषाला मिळालेला शाप, अलकेचा मृत्यू, देवयानीचा अहंकार, असे प्रत्येक अधःपाताचे कारण त्याच्यापाशी सिद्ध असते. ही कारणे काही अंशी खरी असतात, म्हणूनच त्याची आत्मवंचना इतकी परिणामकारक होते. या आत्मचित्राला छेद देतात त्या दोन स्त्रियांची निवेदने. केवळ उपदेशच करावयाचा असता, तर एक निवेदक पुरेसा होता.

ऑस्कर वाइल्डच्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ची (ग्रंथरूप १८९१) चर्चा आपण कलावादाच्या संदर्भात आदराने करतो. तिथेही चिरतारुण्याचा लोभ आहे आणि शेवटी नायकाचा हिशेब चुकता होतोच. तो कलात्मक शेवट आणि खांडेकरांचा तेवढा उपदेश, हा न्याय कोणता? शिवाय डोरियनचे वार्धक्य चित्रावर उमटते. ययातीचे वार्धक्य पोटच्या पुरूच्या देहावर लादले जाते. आत्ममग्नतेची किंमत पुढच्या पिढीने मोजावी, हे महाभारताने दिलेले आशयसूत्र अधिक भीषण आहे. आणि खांडेकरांना खरोखर अडचणीत आणणारा प्रश्नही इथेच आहे. ज्याने तारुण्य दिले, त्या पुरूला निवेदन का नाही? सुभाषिते मोजणाऱ्यांना हा प्रश्न सुचत नाही. कादंबरीत गुंतलेल्या वाचकाला तो सुचू शकतो.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावला आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. या गावी रिसोड, मानोरा, मंगरुळपीरकडून एस.टी.ने वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी आपणहून पूर्ण वाचलेली पहिली कादंबरी ‘ययाती’ असते. आम्ही प्राध्यापक त्यांना सर्वप्रथम त्या आवडीची लाज बाळगायला शिकवतो. मग आवड जाते आणि तिच्या जागी विवेक येत नाही. येते ती परीक्षेपुरती पाठ केलेली नापसंती. मराठीच्या अध्यापनाचे हे अपयश आहे, आणि त्याचे खापर खांडेकरांच्या अलंकारांवर फोडता येणार नाही.