तालमीच्या खोलीतला कॅमेरा

1984 साली न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत लेनर्ड बर्नस्टाइन आपल्याच ‘वेस्ट साइड स्टोरी’चं ध्वनिमुद्रण करत होते. 1957 साली रंगमंचावर आलेली ही संगीतिका अथपासून इतिपर्यंत स्वतः संचालित करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. टोनी या अमेरिकी तरुणाची गाणी त्यांनी स्पॅनिश ऑपेरागायक होसे कॅरेरास यांना दिली होती. बीबीसीचा कॅमेरा हे सारं टिपत होता. इंग्रजी उच्चार आणि आडवळणाची लय यांत कॅरेरास अडखळतात, बर्नस्टाइन पुन्हा पुन्हा थांबवतात, आवाज चढतो आणि एका थोर गायकाचा चेहरा उतरतो.

हे प्रेक्षकांपुढे यावं का? संगीतकाराला हवी असलेली लय स्वरलिपीत पुरती उतरत नाही. ती तालमीतल्या हट्टातून कळते, आणि संगीत शिकणाऱ्याला असा धडा दुसरीकडे मिळणार नाही. पण किंमत सारखी वाटली जात नाही. चिडलेला संगीतकार पडद्यावर तळमळीचा वाटतो. गायकाचं अडखळणं मात्र कायमचं त्याच्या नावावर चिकटतं.

मग नकोसं दृश्य काढण्याचा अधिकार कलाकारालाच द्यावा, असं सहज वाटतं. बीटल्सचा अनुभव मला तिथे अडवतो. 10 जानेवारी 1969 रोजी, कॅमेऱ्यासमोर तालमी चालू असतानाच, जॉर्ज हॅरिसन गट सोडून गेले आणि काही दिवसांनी परतले. त्या तालमींच्या चित्रणातून झालेल्या 1970च्या ‘लेट इट बी’त त्याचा मागमूस नाही, तरीही तो चित्रपट उदासच वाटला. त्याच सुमारे 60 तासांच्या चित्रणातून पीटर जॅक्सन यांनी 2021मध्ये जवळपास आठ तासांचा ‘गेट बॅक’ केला. त्यात हॅरिसन यांचं जाणं स्पष्ट दिसतं, आणि तरी चौघांचा जिव्हाळाच अधिक जाणवतो. कारण इथे भांडणाच्या आजूबाजूला थट्टा आहे, कंटाळा आहे, आणि बासगिटार छेडत बसलेल्या मॅकार्टनींच्या हातून गाणं आकार घेताना दिसतं.

म्हणून कॅमेरा आत असावा, असंच मी म्हणेन. प्रदर्शनाआधी कलाकाराला चित्रपट दाखवावा, त्याचं म्हणणं ऐकावं. पण कात्री त्याच्या हाती देऊ नये. दिग्दर्शकानेही वाद जिथे टोकाला जातो तिथेच दृश्य तोडू नये, पुढची जुळवाजुळवही दाखवावी. दूरचित्रवाणीवर तेवढा वेळ मिळत नाही, ही अडचण खरी. पण पूर्ण चित्रण जपून ठेवता येतं. 1969चं ते चित्रण फेकून दिलं असतं, तर हॅरिसन यांचं जाणं आणि परतणं, दोन्ही आपल्याला दिसलं नसतं.