कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?

गेल्या जानेवारीत आमच्या गावच्या उर्दू हायस्कूलच्या बक्षीस समारंभाला गेलो होतो. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. निम्मी घरं कुवेत-कतारच्या पगारावर चालणारी. पाहुण्यांनी भाषणाची सुरुवात नेहमीच्या वाक्याने केली: कुरआनचा पहिला उतरलेला शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर स्टाफरूममध्ये चहाला बसलो, तर समोर लोखंडी कपाट, त्यावर पांढऱ्या रंगात ‘कुतुबखाना’ आणि खाली कुलूप.

किल्ली यायला अर्धा तास लागला. आत काय होतं? जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं. कुणा डॉक्टरच्या घरातून आलेली इंग्रजी वैद्यकीय मासिकं. एकाच धार्मिक पुस्तिकेच्या साठेक प्रती, प्रत्येकीवर दात्याच्या नावाचा शिक्का. गोष्टीची पुस्तकं मोजली, अकरा भरली. त्यांत मराठी एकच, तेही कसर लागून चाळणी झालेलं. स्पर्धा परीक्षेची चार गाइडं मात्र मी लगेच ओळखली, कारण घर आवरताना मीच ती ‘दान’ केली होती. तेव्हा शाळेने माझा सत्कार केला होता.

म्हणून हे आधी स्वतःला आणि मग तुम्हाला सांगतो: आपण शाळेला पुस्तकं देत नाही, रद्दी देतो. रद्दीवाला किलोचे पैसे देतो, शाळा शाल देते, एवढाच फरक.

‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत, मोबाइलमध्ये असतात,’ असं एक सर म्हणाले. मुलांच्या हातात पुस्तक दिलंय कधी? कपाट बंद का, याचं खरं उत्तर दुसऱ्या एका मॅडमनी हळूच दिलं. प्रत्येक पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरला चढलेलं आहे. हरवलं तर भरून कोण देणार? ग्रंथपालाचं पद नाही, चार्ज ज्या शिक्षकाकडे, त्याच्या मानेवर ओझं. मग तो शहाणा माणूस कुलूप लावतो. मी त्याला दोष देत नाही. ट्रस्टने ‘वर्षाला इतकी पुस्तकं फाटतील, हरवतील, ती आमच्या खात्यावर’ असा साधा ठराव केला असता, तर कुलपाची गरजच उरली नसती. मुलांनी हाताळून फाटलेलं पुस्तक कसरीने खाल्लेल्यापेक्षा केव्हाही बरं.

आठवीपर्यंतच्या प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं हवीत, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. गोष्टीची, बरं का. आमच्या एका ट्रस्टींना गोष्टींचं वावडं आहे. मुलं बिघडतात म्हणे. डॉ. झाकिर हुसैन जामिया मिल्लिया उभी करणाऱ्यांपैकी, पुढे राष्ट्रपती झाले. त्यांनी मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’ लिहिली. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हमीद आजीसाठी चिमटा घेतो. यात बिघडण्यासारखं काय आहे?

आणि मराठी? आमची मुलं घरात कोकणी बोलतात, वर्गात उर्दू शिकतात आणि दहावीनंतर मराठीच्या भिंतीवर आपटतात. तलाठी कार्यालयातला अर्ज मराठीत, पोलीस भरतीचा पेपर मराठीत. उर्दू शाळेच्या कपाटात मराठी नको, असं कुणी ठरवलं? उर्दू जपायची म्हणजे मराठीला दाराबाहेर ठेवायचं, हा हिशेब मला मान्य नाही. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स दोन्ही भाषांत मुलांची पुस्तकं काढतात. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय. एकच गोष्ट आधी उर्दूत वाचलेली पोर मराठीतली प्रत घाबरत नाही, हे मी माझ्या भाचीवर पाहिलंय.

मुलग्यांचं एक वेळ निभावतं; ते सायकल काढून तालुक्याच्या वाचनालयात जाऊ शकतात (जात नाहीत, ही वेगळी गोष्ट). मुलगी शाळा सुटली की थेट घरी. तिच्यासाठी गावात दुसरं वाचनालय नाहीच. ते कपाट बंद म्हणजे तिचं वाचन बंद, आणि बऱ्याच जणींचं दहावीनंतर कायमचं.

पैसा नाही म्हणू नका. गेल्या वर्षी शाळेच्या गेटवर कमान झाली, संगमरवरी पाटीसह लाखाच्या वर खर्च. मुलांची कितीतरी चांगली पुस्तकं शंभर रुपयांच्या आत मिळतात. कमानीच्या पैशांत हजार पुस्तकं आली असती, पण हजार पुस्तकांवर आखातातल्या चाचांचं नाव लांबून दिसत नाही.

कपाटातल्या निकामी पुस्तकांची यादी मी त्या दिवशीच केली, माझी चार गाइडं सगळ्यात वर. निर्लेखनाचा अर्ज तयार आहे. ट्रस्टची पुढची मीटिंग बकरी ईदनंतर आहे. गावातल्या माजी विद्यार्थ्यांपैकी तिघांनी येतो म्हटलंय, मुलींपैकी अजून कुणाला विचारलेलं नाही. ते या जुम्म्याच्या आत करतो.