बंद संगणक आणि कुलपाची किल्ली

१९ जुलै २०२४ रोजी हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. जगभरातील विमानतळ, रुग्णालये आणि कार्यालयांतील संगणकांचे पडदे त्या दिवशी निळे पडले होते. कोणी सायबर हल्ला केला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल वितरित केली होती. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला.

फाइल मागे घेऊनही संगणक सुरू का होत नव्हते? या कंपनीचा प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये काम करतो. संगणक सुरू होतानाच तो ती फाइल वाचू लागे आणि सारी यंत्रणा कोसळे. दुरुस्त फाइल इंटरनेटवरून उतरवून घेण्याइतकीही उसंत अनेक यंत्रांना मिळत नव्हती.

उपाय कागदावर सोपा होता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ‘सिस्टिम३२’मधील ड्रायव्हर्सच्या फोल्डरातून ती फाइल काढून टाकायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. मात्र हे काम बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापुढे बसूनच करावे लागले. त्यात डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की हवी. या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवली, तोच बंद पडला, तर कुशल तंत्रज्ञही हतबल होतो.

भारतात १० बँका आणि वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ व्यत्यय आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. मोजक्याच बँका हे सॉफ्टवेअर वापरतात, हे त्याचे एक कारण. दिलासा खरा, पण त्यावरून आपली तयारी सिद्ध होत नाही. पुढची सदोष फाइल आपण वापरत असलेल्या सॉफ्टवेअरचीही असू शकते.

मायक्रोसॉफ्टने त्यानंतर विंडोज ११ साठी ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही सुविधा आणली. सुरू न होणाऱ्या यंत्रापर्यंत दूरवरून दुरुस्ती पोहोचवणे, हा तिचा हेतू. तरीही जुनी यंत्रे आणि हरवलेल्या किल्ल्या यांवर ती उतारा नव्हे.

दाखल्यांपासून वीजबिलांपर्यंत सारे पडद्यावर आणणाऱ्या आपल्यासारख्या लहान राज्याने म्हणूनच काही साधे प्रश्न आताच विचारायला हवेत. रिकव्हरी की छापील स्वरूपात, कुलूपबंद कपाटात आहेत काय? नवे अपडेट आधी चार यंत्रांवर तपासले जाते काय? तालुक्याच्या ठिकाणी यंत्रापुढे बसून दुरुस्ती करू शकेल असा माणूस आहे काय? आणि तो येईपर्यंत नागरिकाचे काम वहीवर उरकण्याची सोय आहे काय? हैदराबादेत त्या दिवशी निदान पेन तरी हाताशी होते.