शिक्का मारण्याआधी

विद्यापीठाने मुलांना अखलाक शिकवावेत की पोट भरण्याचा हुन्नर, असा वाद आपल्या बैठकांत नेहमी चालतो. दीनदार माणसे एक बाजू घेतात, दुकानदार दुसरी. आधी आपली हालत पाहू. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले शंभरात चारही नव्हते. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला त्या पदवीवर रोजगार मिळायलाच हवा. त्यात दुनियादारी कसली? हलाल रोजी कमावणे हेही दीनचेच काम आहे.

पण नुसत्या करिअरमागे धावल्याने काय होते, ते लातूरने पाहिले. डॉक्टर होण्यासाठी राज्यभरातून मुले जिथे येतात, त्याच शहरात जून २०२४ मध्ये नीट परीक्षेतील गैरप्रकाराचा गुन्हा नोंदला गेला. संशय जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांवर आला आणि तपास सीबीआयकडे गेला. खरे-खोटे अदालत ठरवील. पण वर्षभर रात्री जागून अभ्यास केलेल्या मुलांच्या गुणांकडेही लोक शकेने पाहू लागले, हे नुकसान कोण भरून देणार?

नव्या शैक्षणिक धोरणाने दोन्ही गोष्टी पदवीत घातल्या आहेत. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही आता मूल्यशिक्षणाचा पेपर आहे आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभवही आहे. हा अनुभव ४ श्रेयांकांचा, म्हणजे सुमारे १२० तासांचा. माझ्या मते पेपरपेक्षा हे १२० तास मोलाचे. थानाच्या आतल्या घडीत डाग असेल तर तो गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा, हे बी. कॉम.च्या मुलाला पुस्तकातून कळत नाही. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा हुजूर सल्ल. यांनी त्या व्यापाऱ्याला ओला माल वर का ठेवला नाहीस, असे विचारले होते. मोंढ्यातल्या आडतीवर बसलेल्या मुलाला ही हदीस लगेच उमजेल. उधारी मागताना जबान कशी ठेवावी, बिल पक्के का द्यावे, रोजमेळ त्याच रात्री का मिळवावा, यात हुन्नर किती आणि अखलाक किती, हे वेगळे काढून दाखवा पाहू!

आता कडू बोलतो. ओळखीचा मुलगा येतो, "चाचा, फक्त शिक्का मारून द्या" म्हणतो. एक दिवसही दुकानात न बसलेल्या त्या मुलाला आपण मुरव्वतीपोटी १२० तासांचा दाखला देतो. म्हणजे मूल्यशिक्षणाच्या पेपरात पास झालेल्या मुलाला खोट्या गवाहीचा पहिला सबक आपल्या गल्ल्यावर मिळतो! मग विद्यापीठाला नावे ठेवण्याचा हक्क आपल्याला उरतो का?

विद्यापीठाने प्राध्यापकांना न सांगता दुकानात, कारखान्यात पाठवून हजेरी तपासावी. आणि नांदेड-लातूरच्या आपल्या व्यापारी, कारागीर बांधवांनी यंदा एकेक मुलगा किंवा मुलगी खरोखर कामावर घ्यावी. शिवणकाम असो, डाळमिल असो की कापडाचे दुकान. जो येणार नाही त्याला शिक्का नाही, मग तो सख्खा भाचा का असेना.