पडके घर, रोखीचे गिऱ्हाईक

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले आणि काही तासांत मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरपासून थेट दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागांची हानी साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. कौलारू घरांची हानी मात्र सावकाश उलगडत गेली. कौले उडाली, कोने निखळले, उघड्या पडलेल्या वाशांवर आधी तो पावसाळा आणि मग पुढचा पावसाळा कोसळला. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' येऊन गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व सावित्रीच्या पुराने चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. तेव्हापासून जी घरे धड उभी नाहीत आणि धड पडलेलीही नाहीत, त्यांच्या ओटीवर एक विशिष्ट प्रकारचे गिऱ्हाईक येऊन बसते. त्याचे बोलणे ठरलेले असते : दुरुस्तीत पैसा घालू नका, आहे त्या स्थितीत घेतो, कागदांचे आमचे आम्ही पाहू, पैसे रोख.

या गिऱ्हाइकाला सरसकट लुटारू ठरविणे न्यायाचे होणार नाही. पडक्या घरावर कर्ज देण्यास बँका सहसा राजी नसतात. त्यामुळे ज्याच्या हाती स्वतःचा पैसा आहे, तोच अशा घराचा ग्राहक होऊ शकतो. शिवाय विकणाऱ्याची अडचण खरी असते. मुले मुंबई-पुण्याला वा परदेशी, गावी सत्तरी उलटलेली आई. घर शाकारणारी जुनी माणसे राहिली नाहीत, आणि सुताराला बोलवावे तर तो एका तुळईसाठी चार खेपा घालायला लावतो. अशा कुटुंबाने घर विकले तर त्यात अपराध काही नाही. वाडवडिलांच्या वास्तूविषयी गहिवरणाऱ्या, पण शाकारणीच्या खर्चातला आपला वाटा वर्षानुवर्षे न धाडणाऱ्या आप्तांनी तरी त्यांना बोल लावू नये. प्रश्न विकण्याचा नाही. काय विकतो आहोत हे न जाणता विकण्याचा आहे.

गिऱ्हाईक भाव पाडण्यास सुरुवात करते ते डोळ्यांना दिसणाऱ्या मोडतोडीपासून. वाळवी दाखवली जाते, खचलेली पडवी दाखवली जाते, आणि 'घराची किंमत शून्य, जागेचे तेवढे देतो' असा निवाडा होतो. वस्तुतः किनाऱ्यालगतच्या गावांत नेमके उलट असू शकते. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात नवे बांधकाम करता येत नाही. मात्र त्याच पट्ट्यात पूर्वीपासून असलेल्या अधिकृत घराची, त्याच जोत्यावर आणि तेवढ्याच क्षेत्रफळात, दुरुस्ती वा पुनर्बांधणी करता येते. म्हणजे ज्याला शून्य म्हटले जाते त्या जांभ्याच्या जोत्यातच समुद्राकाठी घर उभारण्याचा हक्क दडलेला असतो. गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते, घरमालकाला नसते. म्हणूनच ग्रामपंचायतीच्या कर आकारणीत घराची नोंद कायम ठेवणे, घरपट्टीच्या पावत्या जपणे आणि वादळानंतर तलाठी-ग्रामसेवकांनी केलेल्या पंचनाम्याची प्रत हाती ठेवणे याला फार मोल आहे. सागवानी खांब, कोरीव चौकटी, जुन्या तुळया यांना स्वतंत्र बाजार आहे, हे तर मुंबईतील कोणताही जुन्या लाकडाचा व्यापारी सांगेल. विहीर, वहिवाटीची वाट, आगरातील झाडे या साऱ्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा आणि मगच एक आकडा बोलावा. घराखालची वा सभोवतालची जागा शेतजमीन असेल तर परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला ती विकता येत नाही, हेही आधी पाहावे. अन्यथा इसार घेऊन बसायचे आणि खरेदीखत अडकून पडायचे.

परंतु भाव खरा पाडते ते घरातील फूट. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, वारस नोंद झालेली नाही, चार भावंडांत बोलणे नाही. हेरणारा ते हेरतो, आणि अडचणीत असलेल्या एका भावाची सही आधी मिळवतो. इतरांना वाटते, आता हातातून गेलेच. तसे नसते. कायद्याने अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराभोवती काही कुंपणे घातली आहेत. त्यांची माहिती पदवीधर घरांतूनही नसते, हे आश्चर्यच. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार अशा घरातील एकाचा हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या विभाजन कायद्यान्वये कुटुंबीयांना तो हिस्सा न्यायालयीन मूल्यांकनाने विकत घेता येतो. मृत्युपत्राविना वर्ग एकच्या वारसांकडे आलेल्या स्थावरातील हिस्सा कोणी विकू पाहील, तर हिंदू उत्तराधिकार कायदा उरलेल्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क देतो.

आणि या वारसांत बहिणी आहेत. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. तरीही 'बहिणीची सही नंतर घेऊ' हे वाक्य व्यवहाराच्या बैठकीत सहज उच्चारले जाते. वर्षातून एकदा भाऊबीजेला ओवाळून घ्यायचे आणि हक्कसोडपत्रावर कशाची सही घेतो आहोत हे सांगायचेही नाही, ही रीत आपल्या घरांना शोभत नाही. असल्या व्यवहारातून उभे राहणारे दावे पुढच्या पिढीलाही भोवतात.

आता 'रोख' या शब्दाविषयी. कर्जाची वाट न पाहता एकरकमी पैसे देणारा रोखीचा ग्राहक वेगळा, आणि अर्धे धनादेशाने, अर्धे पिशवीतून देणारा वेगळा. दुसऱ्याचे आमिष मोठे असते, कारण कर वाचेल असे वाटते. मात्र १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच आहे. तो पैसे घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर पडतो. पिशवी देणारा सुटण्याच्या वाटा शोधेल. म्हातारी आई कोठे जाणार? त्यातच खरेदीखतात किंमत सरकारी दरापेक्षा दहा टक्क्यांहून खाली दाखवली, तर कर सरकारी दरानेच मोजला जातो. घर खरोखरच मोडकळीस आल्यामुळे भाव कमी आला असेल, तर आयकर अधिकाऱ्याकडे मूल्यनिर्धारकाकडून तपासणीची मागणी करता येते. अशा वेळी तोच पंचनामा आणि वादळानंतर काढलेली छायाचित्रे साक्षीला उभी राहतात.

विकणाऱ्याच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे, आणि त्याचा उच्चार सहसा होत नाही. 'आहे त्या स्थितीत' असे लिहिले म्हणजे ठाऊक असलेले दोष झाकण्याचा परवाना मिळाला, असे नव्हे. साध्या पाहणीत ध्यानात न येणारा मोठा दोष खरेदीदाराला सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो आणि तशा मौनाला कपट म्हणतो. चिपळुणात २००५ सालीही पाणी भरले होते आणि २०२१ सालीही. भिंतीवरील पाण्याची खूण रंगाच्या हातात पुसली जाते. निळी पूररेषा पुसली जात नाही, आणि तिच्या आत नव्या बांधकामास सहसा परवानगी मिळत नाही. महाडच्या डोंगरउतारावरील गावांतून जमिनीला गेलेल्या भेगांचेही तेच. आपल्या घरी पाणी छातीपर्यंत चढले होते, हे येणाऱ्या कुटुंबाला सांगितल्याने भाव थोडा उतरेल, तर उतरू द्यावा. त्या माजघरात उद्या कोणाची तरी लेकरे निजणार आहेत.

या साऱ्याला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक नेमका तोच देत नाही. 'पावसाच्या आत उरकू, नाहीतर भिंतीही राहणार नाहीत' ही त्याची भीती खोटी नाही. उघड्या छपराचे घर एका पावसाळ्यात जेवढे खचते, तेवढे एरवी कित्येक वर्षांत खचत नाही. तेव्हा वैशाखातच सर्व भावंडांनी वर्गणी काढून छपरावर पत्रे वा जाड ताडपत्री घालून घ्यावी, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढावे, देवघरातील टाक आणि कागदांची पेटी सुरक्षित जागी हलवावी. हा खर्च गिऱ्हाइकाने पाडलेल्या भावाच्या मानाने किरकोळ असतो. वारस नोंदीचा अर्ज त्याच फेरीत तलाठ्याकडे द्यावा, आणि आईला विचारावे की दिवाळीपर्यंत ती कोणाकडे राहायला येईल.