कोंबडीचा उपास आणि दुकानदाराची खोट

बीड, गेवराई, माजलगाव, परळीकडे ब्रॉयलरच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. पोल्ट्रीवरच्या काट्याचे वजन आणि दुसऱ्या दिवशी दुकानात भरणारे वजन यांचा मेळ बसत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. दोष पोल्ट्रीवाल्याला देऊन विषय संपतो. आमच्या मते बरेचसे वजन आपल्याच जाळीत, पक्ष्याच्या लांबलेल्या उपासात जाते.

कापण्याआधी उपास हवाच. आठ ते बारा तास दाणा बंद ठेवला की पोटा व आतडी रिकामी होतात, मांस घाण होत नाही. भरल्या पोटी तोललेला पक्षी घेणे म्हणजे मक्याला कोंबडीचा भाव देणे. पण तास वाढले की हिशेब उलटतो. यकृतातील साखरेचा साठा काही तासांतच संपत येतो. इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन चढते, चरबी जळू लागते. थायरॉइडचे टी-३ घटते, म्हणजे शरीर आपली भट्टी मंद करते. ताणाचा स्राव कॉर्टिकोस्टेरॉन वाढला की मांसही जळणात जाऊ लागते. एवढे होऊनही रक्तातली साखर फारशी पडत नाही! आतडी मात्र नाजूक होऊन साफ करताना फाटतात.

पोट रिकामे झाल्यावर तासाला साधारण पाव ते अर्धा टक्का वजन जाते. पाव टक्काच धरा. दोन किलोच्या शंभर पक्ष्यांत दहा तासांत पाच किलो गेले. मे महिन्यात, बीडचा पारा चाळिशीपार असताना, घट याहून जास्त.

रात्री दहाला दाणा उचललेला पक्षी सकाळी आठला कापला तर उत्तम. तोच संध्याकाळी सहापर्यंत राहिला तर वीस तास झाले. आपले दुकानदार तास मोजतात ते माल दुकानात उतरल्यापासून. ही पद्धत सोडावी. भाव ठरवतानाच दाणा किती वाजता उचलला हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. जो माल आज खपणार नाही, त्याला दाणा द्यावा. पाणी तर कोणत्याच पक्ष्याचे तोडू नये. जबिहाआधी पाणी पाजण्याची आपली रीत जुनीच आहे. दाण्याचा खर्च वाचवला असे म्हणणाऱ्यांनी एक दिवस संध्याकाळी उरलेले पक्षी पुन्हा काट्यावर घालून पाहावेत.