मोफत आहे, पण खुलं आहे का?

मी शिक्षक आहे. यंदा केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर एक ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. नामवंत प्राध्यापकांची व्याख्यानं घरबसल्या आणि फुकट! ज्या देशात ज्ञानाला जातीचं कुलूप होतं, तिथे ही गोष्ट लहान नाही. आपल्या तरुणांनी ती पदरात पाडून घेतलीच पाहिजे.

पण मोफत म्हणजे खुलं नव्हे. बहुतेक कोर्स इंग्रजीत, शंकाही इंग्रजीतच लिहायची. घरातल्या एकाच मोबाइलवर भावंडांसोबत शिकणारी, मराठी शाळेतली मुलगी तिथे गप्प होते. वर्गातल्या शिक्षकाला तिचं गप्प राहणं दिसतं, व्हिडिओला दिसत नाही.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. विद्यार्थ्याचं जगणं पाहून संस्था उभी राहिली. खुलं शिक्षण याला म्हणतात.

आता धोका ओळखा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घेता येतात; आधी ही मर्यादा २० टक्के होती. उद्या संस्थाचालक विचारतील, व्हिडिओ आहे तर प्राध्यापक कशाला? पद गेलं की त्यावरचं आरक्षणही गेलं!

म्हणून दोन कामं करा. विहारात अभ्यासगट काढून हे कोर्स मराठीत समजावून घ्या. आणि माहिती अधिकारात आपल्या कॉलेजातल्या रिक्त राखीव पदांचा हिशोब मागा.

एकेकट्याने स्क्रीनसमोर बसून प्रमाणपत्र मिळेल. हक्क मिळवायला संघटितच व्हावं लागेल.

जय भीम!